आधी क्रियापदे मोजावीत, मग सांधे शोधावेत : इंग्रजी उपवाक्ये आणि उभयान्वयी अव्यये

‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट ही वेंट टू द फील्ड.’ मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या वहीत हे वाक्य हमखास सापडते. लिहिणाऱ्याला ‘ऑलदो’ आणि ‘बट’ या दोन्ही शब्दांचे अर्थ नीट माहीत असतात, उभयान्वयी अव्ययांची यादीही पाठ असते, आणि तरी वाक्य चुकते. याचे कारण असे की मराठीत गौण वाक्य मुख्य वाक्याला जोडताना आपण बहुधा दोन्ही बाजूंना खूण ठेवतो : जरी–तरी, जर–तर, जेव्हा–तेव्हा, जोपर्यंत–तोपर्यंत, जो–तो. इंग्रजीत मात्र सर्वसाधारणपणे दोन उपवाक्यांमधील एका सांध्याला एकच जोडशब्द लागतो. हा फरक डोळ्यांपुढे ठेवला की या प्रकरणातील निम्म्याहून अधिक चुका आपोआप दिसू लागतात. त्यासाठी आधी वाक्यातील उपवाक्ये किती आहेत हे खात्रीने सांगता आले पाहिजे, आणि ते सांगण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे क्रियापदांची मोजणी.

क्रियापद कोणते, आणि क्रियापदासारखे दिसणारे कोणते

उपवाक्य म्हणजे कर्ता आणि त्याचे पूर्ण क्रियापद असलेला शब्दसमूह. मराठी व्याकरणात आपण क्रियापद आणि धातुसाधित यांत भेद करतो. ‘गेला’ हे वाक्य पूर्ण करते, तर ‘जाऊन’, ‘जाताना’, ‘जाण्यासाठी’ ही रूपे वाक्य पूर्ण करीत नाहीत. इंग्रजीतही तसाच भेद आहे. ‘गोज’, ‘वेंट’, ‘विल गो’, ‘हॅज गॉन’ ही पूर्ण क्रियापदे होत, तर ‘टू गो’, ‘गोइंग’ आणि सहायक क्रियापदाविना आलेले ‘गॉन’ ही धातुसाधिते होत.

शंका असेल तेव्हा वाक्याचा काळ बदलून पाहावा. ‘ही वॉन्ट्स टू बाय अ बाइक’ हे वाक्य भूतकाळात नेले तर ‘ही वॉन्टेड टू बाय अ बाइक’ असे होते. ‘वॉन्ट्स’ बदलले, ‘टू बाय’ जसेच्या तसे राहिले. म्हणून येथे क्रियापद एकच आणि उपवाक्यही एकच आहे. ही कसोटी सर्वांत उपयोगी पडते ती भूतकाळासारख्या दिसणाऱ्या धातुसाधितांच्या बाबतीत. ‘द बॉइज ट्रेन्ड इन दॅट अकॅडमी प्ले वेल’ या वाक्यात ‘ट्रेन्ड’ हे भूतकाळी क्रियापद वाटते. भविष्यकाळ करून पाहिला तर ‘द बॉइज ट्रेन्ड इन दॅट अकॅडमी विल प्ले वेल’ असे होते आणि ‘ट्रेन्ड’ हलत नाही. ते मुलांचे विशेषण आहे, ‘त्या अकादमीत तयार झालेली मुले’ एवढाच त्याचा अर्थ. सहायक क्रियापदे मुख्य क्रियापदासह एकच धरावीत. ‘हॅज बीन वेटिंग’ हे तीन शब्दांचे असले तरी मोजणीत एकच.

आता नियम असा. एका वाक्यात जितकी पूर्ण क्रियापदे असतील, त्यांपेक्षा एकाने कमी सांधे असतात, आणि प्रत्येक सांध्याला एक जोडशब्द लागतो. दोन क्रियापदांना एक, तीन क्रियापदांना दोन. ‘आयदर–ऑर’, ‘नायदर–नॉर’, ‘नॉट ओन्ली–बट ऑल्सो’ यांसारख्या जोड्या मोजताना एकच जोडशब्द मानाव्यात. क्रियापदांची नुसती मालिका असेल तर शेवटचे ‘अँड’ वगळता मधल्या सांध्यांवर स्वल्पविराम चालतो. दोन स्वतंत्र वाक्यांमध्ये अर्धविराम घातला असेल तर सांध्याचे काम तो करतो. अपवाद मोजकेच आहेत, आणि तेही ‘कुठल्या तरी खुणेने सांधा भरलाच पाहिजे’ हे मूळ तत्त्व मोडत नाहीत.

एका सांध्याला एकच शब्द

सुरुवातीच्या वाक्यात ‘वॉज रेनिंग’ आणि ‘वेंट’ अशी दोन क्रियापदे आहेत. सांधा एक, आणि जोडशब्द मात्र दोन. म्हणून एकतर ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, ही वेंट टू द फील्ड’ असे लिहावे किंवा ‘इट वॉज रेनिंग, बट ही वेंट टू द फील्ड’ असे. ‘बिकॉज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम’ या वाक्याचेही तेच. ‘तो आजारी होता म्हणून आला नाही’ आणि ‘तो आला नाही, कारण तो आजारी होता’ या दोन मराठी वाक्यांची तेथे सरमिसळ झाली आहे. ‘बिकॉज’ ठेवायचे की ‘सो’ हे आपण ठरवावे, परंतु दोन्ही ठेवता येणार नाहीत.

‘इफ’ नंतर ‘देन’ आलेले चालते, मग ‘ऑलदो’ नंतर ‘बट’ का चालत नाही, असा प्रश्न चांगले विद्यार्थी विचारतात. ‘देन’ हे उभयान्वयी अव्यय नसून क्रियाविशेषण अव्यय आहे. ते सांधा जोडत नाही, केवळ परिणामावर बोट ठेवते, म्हणून ते ठेवले काय आणि गाळले काय, रचना तीच राहते. ‘दो’ नंतरच्या ‘येट’ची गोष्टही अशीच आहे. १६११ साली छापल्या गेलेल्या किंग जेम्स बायबलच्या इंग्रजीत ‘दो–येट’ ही जोडी आढळते आणि जुन्या पद्धतीच्या लेखनात ती आजही चुकीची ठरत नाही, कारण तेथे ‘येट’चा अर्थ ‘तथापि’ असा क्रियाविशेषणाचा असतो. ‘बट’ला मात्र अशी दुहेरी ओळख सांगून सुटका करून घेता येत नाही. नवशिक्याने ‘येट’च्या वाटेला न जाणेच बरे.

याच्या उलट दिशेची चूक ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘मोरओव्हर’ या शब्दांबाबत होते. अर्थाने ते ‘परंतु’, ‘म्हणून’, ‘शिवाय’ यांच्या जवळचे असल्यामुळे ते सांधा जोडतात असे वाटते. प्रत्यक्षात ते क्रियाविशेषण अव्ययेच आहेत. ‘द ट्रेन वॉज लेट, हाउएव्हर वी रीच्ड ऑन टाइम’ या वाक्यातील सांधा रिकामा राहिला आहे. ‘लेट’ नंतर पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, आणि ‘हाउएव्हर’ नंतर स्वल्पविराम. प्रौढांच्या कार्यालयीन पत्रांत ही चूक इतकी रुळली आहे की ती चूक वाटेनाशी झाली आहे.

समान दर्जाची वाक्ये जोडणारी अव्यये इंग्रजीत सातच मानतात : फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘फॅनबॉइज’ असा शब्द बनवून ती लक्षात ठेवण्याची रीत आहे. मराठीत ज्यांना आपण समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक आणि परिणामबोधक म्हणतो, त्यांतच ती बहुतेक बसतात. हा मेळ योगायोगाने जमलेला नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून आपल्या शालेय व्याकरणाची मांडणी बरीचशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होत आली आहे. त्यामुळे केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्य हे मराठीत शिकलेले वर्गीकरण इंग्रजीकडे नेताना फारसे बदलावे लागत नाही. बदलतो तो सांधा जोडण्याचा रिवाज.

गौण वाक्य कोणते काम करते

या सात शब्दांखेरीज बिकॉज, सिन्स, ॲज, इफ, अनलेस, ऑलदो, व्हेन, व्हाइल, बिफोर, आफ्टर, अंटिल, दॅट, व्हेदर इत्यादी शब्द गौण वाक्य जोडतात. ‘हू’, ‘विच’ ही संबंधी सर्वनामे असली तरी सांधा तीही भरतात, म्हणून मोजणीत ती धरावीत. अमुक शब्द आला म्हणजे अमुक प्रकारचे वाक्य, अशी तक्त्यातली जोडी पाठ करणे मात्र धोक्याचे आहे. त्यापेक्षा गौण वाक्य कोणते काम करते ते पाहावे. ते नामाच्या जागी बसले असेल तर नामवाक्य, नामाविषयी अधिक माहिती देत असेल तर विशेषण वाक्य, आणि क्रिया केव्हा, का, कोणत्या अटीवर घडली हे सांगत असेल तर क्रियाविशेषण वाक्य.

एकाच ‘व्हेन’ची ही तीन वाक्ये पाहावीत. ‘आय डोंट नो व्हेन ही विल कम.’ ‘द डे व्हेन ही केम वॉज अ संडे.’ ‘आय विल टेल यू व्हेन ही कम्स.’ पहिल्या वाक्यात ‘मला काय माहीत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे संपूर्ण गौण वाक्य. त्याच्या जागी ‘इट’ किंवा ‘द आन्सर’ ठेवले तरी वाक्य उभे राहते, म्हणून ते नामवाक्य. दुसऱ्यात ते ‘डे’ या नामाला चिकटलेले आहे, ‘कोणता दिवस?’ याचे उत्तर देते, म्हणून विशेषण वाक्य. तिसऱ्यात ते उचलून वाक्याच्या आरंभी ठेवता येते, ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल यू’, आणि ते ‘केव्हा सांगेन?’ याचे उत्तर देते, म्हणून क्रियाविशेषण वाक्य.

हे वर्गीकरण केवळ परीक्षेतील गुणांसाठी आहे असा समज असतो, परंतु पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यातील काळ पाहिला तर तो समज टिकत नाही. पहिल्यात ‘विल कम’ आहे, तिसऱ्यात ‘कम्स’. गोष्ट दोन्हीकडे भविष्यातलीच आहे. इंग्रजीत काळ किंवा अट सांगणाऱ्या क्रियाविशेषण वाक्यात भविष्याची गोष्टही सहसा वर्तमानकाळात सांगतात, तर नामवाक्यात ‘विल’ला अडकाठी नसते. ‘इफ’चेही तसेच : ‘आस्क हिम इफ ही विल कम’ म्हणजे ‘तो येईल का ते त्याला विचार’, येथे नामवाक्य, आणि ‘कॉल मी इफ ही कम्स’ म्हणजे ‘तो आला तर मला फोन कर’, येथे अट. ‘तो येईल तेव्हा मी सांगेन’ या मराठी वाक्याचे शब्दशः भाषांतर करणारा ‘व्हेन ही विल कम’ असे लिहितो. वास्तविक मराठीही येथे फार वेगळी नाही. ‘तो आला की सांगेन’ असे आपण रोज बोलतो, आणि त्या ‘आला’मध्ये भूतकाळाचे रूप असूनही भविष्याचाच अर्थ असतो. गौण वाक्यातला काळ मुख्य वाक्याच्या आधाराने चालतो, ही कल्पना आपल्याला परकी नाही.

नामवाक्याबाबत आणखी एक गोष्ट. प्रश्न करताना क्रियापद कर्त्याच्या आधी आणावे हा नियम शाळेत इतका घोटला जातो की ‘आय डोंट नो व्हेअर डज ही लिव्ह’ असे वाक्य तयार होते. प्रश्न येथे नामवाक्य होऊन मोठ्या वाक्यात शिरला आहे, तो आता प्रश्न राहिलेला नाही. म्हणून ‘आय डोंट नो व्हेअर ही लिव्ह्ज’ असा साधा क्रम हवा.

विशेषण वाक्यात ‘जो–तो’ची सवय आडवी येते. ‘जो मुलगा काल आला, तो माझा मावसभाऊ आहे’ यातील ‘तो’ इंग्रजीत नेला की ‘द बॉय हू केम येस्टर्डे, ही इज माय कझिन’ असे होते. ‘इज’चा कर्ता ‘द बॉय’ आधीच आलेला आहे, म्हणून ‘ही’ आणि त्याआधीचा स्वल्पविराम दोन्ही काढावेत. अशा वाक्यातील स्वल्पविराम अर्थही बदलतो. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नागपूर इज अ डॉक्टर’ असे स्वल्पविरामांविना लिहिले तर भाऊ एकाहून अधिक असून त्यांपैकी नागपूरच्या भावाविषयी बोलणे चालले आहे असे वाचक समजतो. ‘हू लिव्ह्ज इन नागपूर’ हा भाग दोन स्वल्पविरामांत ठेवला तर भाऊ एकच आहे आणि तो नागपुरात राहतो ही जाता जाता दिलेली माहिती ठरते. मराठीत हा भेद आपण शब्दयोजनेने दाखवतो. इंग्रजीत त्याचा भार त्या दोन लहान चिन्हांवर असतो.

जेथे मराठीत उपवाक्य नसते, तेथे इंग्रजीत ते उभे करावे लागते

भाषांतर करताना खरी अडचण येते ती येथे. ‘पाऊस थांबल्यावर मुले मैदानात गेली’ हे मराठीत केवल वाक्य आहे, क्रियापद एकच. इंग्रजीत त्याचे सहज रूप ‘व्हेन द रेन स्टॉप्ड, द चिल्ड्रन वेंट टू द फील्ड’ असे दोन उपवाक्यांचे होते. ‘-ल्यावर’ दिसले की व्हेन किंवा आफ्टर, ‘-ताना’ दिसले की व्हाइल, ‘-ल्यामुळे’ दिसले की बिकॉज, ‘-ण्यापूर्वी’ दिसले की बिफोर, ‘-ऊनही’ दिसले की ऑलदो मनात आणावे आणि त्यापुढे कर्ता व क्रियापद यांची पूर्ण जुळणी करावी.

‘-ताना’कडे विशेष लक्ष द्यावे. ‘घरी जाताना पाऊस सुरू झाला’ हे मराठीत निर्दोष आहे, कारण जाणारा एक आणि सुरू होणारा दुसरा असला तरी ‘-ताना’ला ते चालते. इंग्रजीतील ‘-इंग’ हे रूप वाक्याच्या आरंभी आले तर त्याचा कर्ता मुख्य वाक्याचाच कर्ता धरला जातो. त्यामुळे ‘वॉकिंग होम, द रेन स्टार्टेड’ या वाक्यात पाऊसच घरी चालत निघाला असा अर्थ निघतो. तेथे ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग होम, इट स्टार्टेड टू रेन’ असे पूर्ण उपवाक्य लिहावे.

नकाराचीही अशीच गफलत होते. ‘जोपर्यंत तो येत नाही, तोपर्यंत मी थांबेन’ या वाक्यात मराठीला ‘नाही’ लागते. इंग्रजीत ‘आय विल वेट अंटिल ही कम्स’ एवढेच म्हणतात, कारण ‘अंटिल’ क्रियेची मर्यादा दाखवतो आणि ती मर्यादा म्हणजे त्याचे येणे. ‘अंटिल ही डजन्ट कम’ हे मराठीच्या ‘नाही’चे ओझे आहे. ‘अनलेस’च्या पोटातच नकार असतो, म्हणून ‘अनलेस यू डोंट स्टडी, यू विल फेल’ असे म्हणणे म्हणजे अभ्यास केलास तर नापास होशील अशी ताकीद देणे होय.

बिकॉज आणि बिकॉज ऑफ, ऑलदो आणि डिस्पाइट, व्हाइल आणि ड्युरिंग या जोड्यांतील फरक मोजणीनेच सुटतो. पुढे क्रियापद असेल तर पहिला शब्द, नुसते नाम असेल तर दुसरा : ‘बिकॉज इट रेन्ड’, परंतु ‘बिकॉज ऑफ द रेन’. बिफोर, आफ्टर, सिन्स आणि अंटिल मात्र दोन्ही ठिकाणी चालतात. ‘नो सूनर’ नंतर ‘दॅन’ आणि ‘हार्डली’ नंतर ‘व्हेन’ ही ठरलेली सांगड असून ती पाठच करावी.

एक लांब वाक्य सोडवून पाहू

‘द फार्मर्स हू हॅड वेटेड सिन्स मॉर्निंग सेड दॅट दे वुड नॉट लीव्ह अंटिल द ऑफिसर मेट देम, बिकॉज द प्रॉमिस विच ही मेड लास्ट यिअर वॉज नेव्हर केप्ट.’

आधी क्रियापदांखाली रेघ ओढावी : हॅड वेटेड, सेड, वुड लीव्ह, मेट, मेड, वॉज केप्ट. सहा क्रियापदे, म्हणजे पाच सांधे हवेत. आता जोडशब्दांना गोल करावा : हू, दॅट, अंटिल, बिकॉज, विच. पाच मिळाले. ‘सिन्स’ला गोल करण्याचा मोह होईल, परंतु त्यापुढे ‘मॉर्निंग’ हे नाम आहे, म्हणून ते येथे शब्दयोगी अव्ययाचे काम करते. ज्या क्रियापदाआधी जोडशब्द नाही ते ‘सेड’, आणि त्याचा कर्ता ‘द फार्मर्स’. म्हणून ‘द फार्मर्स सेड’ हे मुख्य वाक्य. ‘काय म्हणाले?’ याचे उत्तर ‘दॅट’पासूनचे नामवाक्य, ‘कोणते शेतकरी?’ याचे ‘हू’चे विशेषण वाक्य, ‘कोठवर जाणार नाहीत?’ याचे ‘अंटिल’चे क्रियाविशेषण वाक्य, आणि ‘कोणते वचन?’ याचे ‘विच’चे विशेषण वाक्य. लांब वाक्य अंगावर येते ते एकदम वाचू गेल्यामुळे. असे पदर सोडवत गेल्यास वृत्तपत्राच्या अग्रलेखातील वाक्यही आवाक्यात येते.

मोजणीत एखादा जोडशब्द कमी भरला तर लगेच वाक्य चुकीचे ठरवू नये. ‘आय थिंक ही इज राइट’ यात ‘दॅट’ गाळलेला आहे आणि ‘द बुक आय बॉट इज गुड’ यात ‘विच’ किंवा ‘दॅट’. संबंधी सर्वनाम कर्माच्या जागी असेल तरच गाळता येते, कर्त्याच्या जागी असेल तर नाही. म्हणून ‘द बॉय हू केम’ मधील ‘हू’ काढता येत नाही. दोन नामे किंवा नाम आणि सर्वनाम मध्ये काही न येता शेजारी आली, जसे येथे ‘बुक’ आणि ‘आय’, तर तेथे गाळलेला सांधा असण्याची शक्यता फार मोठी असते.

आता वरच्या वाक्यातील ‘बिकॉज’कडे पुन्हा पाहावे. तो कशाला जोडला आहे? वचन पाळले गेले नाही म्हणून शेतकरी जाणार नव्हते, की वचन पाळले गेले नाही म्हणून ते तसे म्हणाले? पहिल्या अर्थात कारण शेतकऱ्यांच्या तोंडचे आहे, दुसऱ्यात ते वार्ताहराने स्वतः दिलेले आहे. व्याकरण दोन्ही अर्थांना मुभा देते, आणि बातमीत हा फरक क्षुल्लक नसतो. कारण शेतकऱ्यांनीच सांगितले असेल तर ‘बिकॉज’च्या आधीचा स्वल्पविराम काढून ‘अँड दॅट दिस वॉज बिकॉज’ अशी नवी जोडणी करावी. मग ‘सेड’ला दोन नामवाक्ये मिळतात आणि दोन्ही निःसंशय शेतकऱ्यांची ठरतात. कारण वार्ताहराचे असेल तर पूर्णविराम देऊन ‘द प्रॉमिस’पासून नवे वाक्य सुरू करावे.